स्पोकन इंग्लिश पुरे, आता इंग्रजी पुस्तक उघडा

कोंढव्यातून निघा, कॅम्पातून भवानी पेठेत या आणि तसेच पुढे मोमीनपुऱ्यापर्यंत जा. वाटेत भिंतींवर, विजेच्या खांबांवर आणि रिक्षांच्या पाठीमागे चिकटवलेल्या जाहिराती वाचत चला. 'नव्वद दिवसांत फाडफाड इंग्रजी', 'इंटरव्ह्यूची हमखास तयारी', 'आयईएलटीएस बॅच सुरू'. आपल्या वस्त्यांमध्ये इंग्रजीची भूक किती मोठी आहे, हे सांगायला दुसरा पुरावा नको. रिक्षा चालवणारे अब्बा आणि घरी शिवणकाम करणारी अम्मी पोटाला चिमटा काढून मुलांच्या क्लासची फी भरतात. या भुकेबद्दल मला आदर आहे. माझी तक्रार आहे ती या भुकेपुढे आपण जे ताट वाढतोय त्याबद्दल.

आपण इंग्रजी शिकतो ती फक्त तोंडासाठी. मुलाखतीत अडखळू नये, कॉलवर क्लायंटला आपलं बोलणं कळावं, दुबईला किंवा कॅनडाला जाताना गुण कमी पडू नयेत, एवढंच. नोकरी लागली की इंग्रजीचं काम संपलं. इंग्रजीतली इतिहासाची पुस्तकं, साहित्य, भाषेवरचे ग्रंथ, ही सगळी कपाटं आपण हातही न लावता सोडून दिली आहेत. मित्रांनो, याची किंमत आपण रोज मोजतोय. कारण आपल्याबद्दल या देशात जे बोललं जातं, त्यातलं बरंचसं आधी इंग्रजी पुस्तकांत छापलं गेलंय. ज्यांनी ती पुस्तकं उघडली नाहीत, त्यांना स्वतःचाच इतिहास दुसऱ्यांच्या तोंडून, कापून-छाटून ऐकावा लागतो.

स्क्रीनशॉटमागचं पुस्तक

दर काही महिन्यांनी मोबाइलवर एक स्क्रीनशॉट फिरतो. तीन-चार ओळी इंग्रजी मजकूर. अमुक सुलतानाने अमुक देऊळ पाडलं, इतकी माणसं मारली. खाली नाव: इलियट आणि डाउसन. कॉलेजच्या ग्रुपवर येतो, सोसायटीच्या ग्रुपवर येतो, ऑफिसच्या ग्रुपवरही येतो. मग आपली मुलं तीनपैकी एक गोष्ट करतात. कोणी चिडून ग्रुप सोडतो. कोणी मान खाली घालून गप्प बसतो, जणू सातशे वर्षांपूर्वीच्या सुलतानाचा हिशेब त्यालाच द्यायचाय. कोणी तितकाच बिनबुडाचा उलटा फॉरवर्ड शोधून आणतो. ते पुस्तक उघडून ते पान काढावं, हे मात्र क्वचितच कोणाला सुचतं.

एकदा काढून बघा. सर हेन्री इलियट हा ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारातला बडा अधिकारी, परराष्ट्र खात्याचा सचिव. त्याने फारसी-अरबी इतिहासग्रंथांतले उतारे निवडून त्यांची इंग्रजी भाषांतरं जमवली. १८५३ साली तो वारला. त्याची कागदपत्रं जॉन डाउसनच्या हाती आली आणि १८६७ ते १८७७ या काळात त्यांचे आठ खंड निघाले. ग्रंथाच्या नावातच म्हटलंय की हिंदुस्थानचा हा इतिहास इथल्याच इतिहासकारांनी सांगितलेला आहे. नाव वाचून वाटतं, चला, मूळ माणूस स्वतः बोलतोय. पण शेकडो पानांच्या ग्रंथातली कुठली चार पानं घ्यायची आणि कुठली सोडायची, हे ठरवणारा इलियट होता. आणि त्याने आपला हेतू लपवलेलाही नाही. १८४९ साली काढलेल्या आधीच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत तो सरळ सांगतो की हे वाचून इथल्या प्रजेला इंग्रजी राज्याचे फायदे जास्त चांगले कळतील. आधीची राजवट जितकी काळी दिसेल, तितकं कंपनीचं राज्य उजळ दिसेल, हा साधा हिशेब होता.

ही प्रस्तावना कुठल्या तिजोरीत दडवून ठेवलेली नाही. इंटरनेटवर फुकट वाचायला मिळते. पण स्क्रीनशॉट पाठवणारा ती वाचत नाही आणि तो बघून चिडणाराही वाचत नाही. दोघांचं अज्ञान सारखंच, फरक इतकाच की त्याचा फटका एकालाच बसतो.

या ग्रंथाला उत्तर कोणी दिलं, तेही बघा. जुनागढच्या बहाउद्दीन कॉलेजातले शापूरशा होडीवाला हे पारशी प्राध्यापक. त्यांनी इलियट-डाउसनचे आठही खंड घेतले आणि चुकलेली नावं, चुकलेल्या तारखा, चुकलेली भाषांतरं पानापानाला धरून दुरुस्त केली. या दुरुस्त्यांचा ग्रंथ १९३९ साली इंग्रजीत निघाला. या माणसाने मोर्चा काढला नाही, घोषणा दिली नाही. त्याने पान क्रमांक दिला.

आता कोणी विचारेल, उतारा तपासला आणि तो खरा निघाला तर? तर खरा म्हणायचं. एखाद्या सुलतानाने देऊळ पाडलं असेल तर पाडलं. त्याची वकिली करायला आपण त्याचे वारस आहोत का? मोमीनपुरा हे नाव मोमीनांवरून आलंय, म्हणजे विणकरांवरून. मागावर बसून आयुष्य काढणाऱ्या माणसाच्या नातवाने दिल्लीच्या तख्ताचा बचाव का करावा? पण हे धीटपणे म्हणायलाही आधी वाचावं लागतं. न वाचलेला माणूस प्रत्येक आरोपाला घाबरतो, कारण त्यातला खरा कुठला आणि खोटा कुठला, हे त्याला ठाऊकच नसतं.

आणखी एक नाव लक्षात ठेवा, जेम्स मिल. त्याचा हिंदुस्थानचा इतिहास १८१७ साली लंडनमध्ये निघाला. मिल कधी इथे आला नाही, इथली एकही भाषा त्याला येत नव्हती, आणि त्यामुळेच आपण जास्त तटस्थ आहोत असा त्याचा दावा होता. इतिहासाचे हिंदू काळ, मुसलमान काळ आणि ब्रिटिश काळ असे तुकडे रूढ झाले ते याच पुस्तकापासून. गंमत बघा. पहिल्या दोन काळांना धर्माचं नाव, तिसऱ्याला मात्र ख्रिश्चन काळ म्हटलेलं नाही. आज टीव्हीवर जो माणूस 'मुसलमानांचं राज्य' असं म्हणतो, तो स्वतःला कडवा देशभक्त समजत असला तरी बोलतोय मिलचीच भाषा. हे त्याच्या तोंडावर सांगायला मिल वाचलेला असावा लागतो.

याच पुण्यात एका तरुणाने काय केलं

'इंग्रजांनी आपला इतिहास बिघडवला' हे रडगाणं आपल्याच वाट्याला आलेलं नाही. पुण्याला हे दुखणं जुनं आहे. जेम्स ग्रँट डफ हा कंपनीचा लष्करी अधिकारी. पेशवाई बुडाल्यावर त्याने साताऱ्याचा कारभार पाहिला आणि १८२६ साली मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत लंडनला छापला. त्याचं मराठी भाषांतरही झालं. मराठी माणूस आपला इतिहास त्याला हरवणाऱ्यांच्या पुस्तकातून शिकू लागला.

मग १८६७ साली पुण्यात नीळकंठ जनार्दन कीर्तने नावाच्या, अजून पंचविशीही न गाठलेल्या तरुणाने ग्रँट डफच्या ग्रंथावर टीका लिहिली, आणि ती मराठीत लिहिली. ग्रँट डफच्या इतिहासात काय आहे, काय नाही आणि कुठे घसरला आहे, हे त्याने दाखवलं. त्यासाठी मूळ इंग्रजी ग्रंथ आधी नीट वाचावा लागला. त्याच वाटेवर पुढे वि. का. राजवाडे गावोगाव दप्तरं धुंडाळत फिरले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली आला. १९१० साली पुण्यातच भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. म्हणजे इंग्रजांच्या एका पुस्तकाला उत्तर द्यायचं म्हणून या शहराने टीका लिहिली, कागद गोळा केले, संस्था बांधली. राजवाड्यांच्या सगळ्याच मतांशी आपण सहमत व्हावं असं नाही. पण काम कसं करायचं, हे शिकायला हरकत काय?

आणि आता टोचेल असं सांगतो. मराठ्यांच्या इतिहासाची निम्मी गोष्ट फारसीत लिहिलेली आहे, हे पुण्याच्या अभ्यासकांच्या लक्षात आलं तेव्हा ते फारसी शिकले. माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, फर्ग्युसन कॉलेजात फारसी शिकवत. त्यांनी १९२५ साली फार्शी-मराठी कोश काढला. ग. ह. खरे यांनी मंडळात बसून ऐतिहासिक फारसी कागदांचे खंडच्या खंड संपादित केले. सेतुमाधवराव पगडी सरकारी नोकरी सांभाळून फारसी साधनं मराठीत आणत राहिले. बंगालचे जदुनाथ सरकार औरंगजेबासाठी फारसी आणि शिवाजी महाराजांसाठी मराठी शिकले आणि इंग्रजीत लिहून गेले. आमची मुलं कुठे आहेत? फारसी गेली. उर्दू अनेकांना वाचता येत नाही. मराठी येते, पण त्यातले ग्रंथ वाचत नाहीत. इंग्रजी येते, पण ती मुलाखतीपुरती. चार भाषांच्या दारात उभं राहून एकाही घरात न शिरलेला समाज जेव्हा 'आमचा इतिहास विकृत केला जातोय' म्हणतो, तेव्हा त्याला एवढंच विचारावंसं वाटतं: मग बरोबर कुठला ते तू लिहिलंस का?

वाचलं तर काय हाती लागतं, याचं एक उदाहरण. भीमसेन सक्सेना हा बुऱ्हाणपूरचा कायस्थ. औरंगजेबाच्या दख्खनच्या मोहिमांत तो मोगलांच्या चाकरीत होता आणि आपल्या आठवणी त्याने फारसीत लिहिल्या. त्यांचं इंग्रजी भाषांतर उपलब्ध आहे. एक हिंदू माणूस मोगल छावणीत बसून फारसीत ही लढाई लिहितोय. रिचर्ड ईटन यांचं दख्खनच्या सामाजिक इतिहासावरचं पुस्तक २००५ साली आलं. त्यात मलिक अंबर आहे, तुकाराम आहेत, ताराबाईही आहेत. ही पुस्तकं वाचलेल्या मुलाला 'हे विरुद्ध ते' एवढ्या दोन शब्दांत सतरावं शतक समजावून सांगणं कोणालाही जमणार नाही.

'कादंबरी वाचून पॅकेज वाढतं का?'

मी इंजिनिअर आहे, त्यामुळे हा प्रश्न मला नेहमी ऐकावा लागतो. इतिहास एक वेळ समजू शकतो, पण इंग्रजी साहित्य? कविता, कादंबऱ्या? त्याने काय होणार?

आधी नुकसान सांगतो. फिलिप मेडोज टेलर हा निजामाच्या चाकरीतला इंग्रज अधिकारी. १८३९ साली त्याने एका ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी लिहिली. तिचा निवेदक अमीर अली नावाचा मुसलमान ठग आहे, आणि इंग्लंडात ती प्रचंड खपली. पुढे १८६३ साली त्याने 'तारा' लिहिली, शिवाजी महाराज आणि अफजलखान यांच्या काळातली. सिनेमात आज जो सुरमा घातलेला, दगाबाज, मांस ओरबाडून खाणारा मुसलमान दिसतो, त्याचे आजे-पणजे अशाच जुन्या पुस्तकांत भेटतात. ज्याला या प्रतिमेविरुद्ध बोलायचंय, त्याने ती कुठे जन्मली हे बघू नये?

आता फायदा. इंग्रजीतलं भारतीय माणसाचं पहिलं पुस्तक कोणाचं, हे आपल्या किती पदवीधरांना माहीत आहे? पाटण्यात जन्मलेले दीन महोमेत कंपनीच्या फौजेत होते, पुढे आयर्लंडला जाऊन राहिले आणि १७९४ साली त्यांनी तिथल्या कॉर्क शहरात आपला प्रवासग्रंथ छापला. इंग्रजी साहित्यात आपण नंतर कधीतरी मागच्या दाराने शिरलो, असा ज्याचा समज आहे त्याने ही तारीख पाठ करावी. बंगालच्या रुकैया सखावत हुसैन यांना शाळेचं तोंड बघता आलं नाही. भावाने घरीच त्यांना इंग्रजी शिकवली. १९०५ साली मद्रासच्या एका मासिकात त्यांची इंग्रजी कथा आली. तिच्यात बायका राज्य चालवतात, सूर्याची उष्णता वापरतात, आकाशातल्या गाडीतून फिरतात, आणि पुरुष पडद्यात बसलेले असतात. अहमद अलींची दिल्लीवरची कादंबरी १९४० साली लंडनला छापली गेली. अतिया हुसैन यांची लखनौच्या घराण्यावरची कादंबरी १९६१ साली आली. आपल्या बहिणी ज्या प्रश्नांवर घरात दबक्या आवाजात बोलतात, ते प्रश्न या बायकांनी इंग्रजीत छापून ठेवलेत. ती पुस्तकं आपल्या घरात नाहीत, ही अडचण आहे.

भाषेचंही तसंच. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, त्याची सुधारलेली आवृत्ती १८५७ सालची. त्यात शब्दाशेजारी तो संस्कृत, अरबी की फारसी याची खूण दिलेली आहे. कागद, वकील, अर्ज, दप्तर, शाई, फौज, आणि खुद्द पेशवा हा शब्द. 'तुमची भाषा कुठली?' असं विचारणाऱ्याच्या हातात हा कोश द्या. मराठी आपल्यावर कोणी मेहेरबानी म्हणून दिलेली नाही. तिच्या घडणीत आपलाही घाम आहे, आणि त्याची नोंद एका इंग्रजाच्या कोशात पानोपानी आहे.

आणि पॅकेज? तेही बोलतो. मी अनेक मुलांच्या मुलाखती घेतल्या आहेत. उच्चार झकास असतात, पण तीन पानांचं टेक्निकल डॉक्युमेंट वाचून त्यातली शंका दोन वाक्यांत लिही म्हटलं की हात थांबतो. ज्याने चारशे पानांचं पुस्तक चिकाटीने संपवलंय, तो असा अडत नाही. पण मी पुस्तकं वाचा म्हणतो ते पॅकेजसाठी नाही. ज्याचं पोट नोकरीने भरलंय, त्याने उरलेल्या डोक्याचं काय करायचं, हा माझा प्रश्न आहे.

चार हरकती

पहिली हरकत: इंग्रजी ही गुलामीची भाषा आहे. असेल. पण याच पुण्यात जोतिराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकले, टॉमस पेनचं मानवी हक्कांवरचं पुस्तक त्यांनी वाचलं, आणि १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिताना गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांना ती अर्पण केली. त्या मराठी पुस्तकाला त्यांनी इंग्रजी प्रस्तावना जोडली. १८८२ साली हंटर कमिशनपुढे शूद्रातिशूद्रांच्या शिक्षणाची कैफियत मांडली. मालकाच्याच भाषेतलं पुस्तक वाचून त्यांनी गुलामीवर बोट ठेवलं. आणि हे विसरू नका की शाळा सुटलेल्या जोतिबाला पुन्हा शाळेत घाला, असं गोविंदरावांना समजावणाऱ्यांत शेजारचे गफ्फार बेग मुन्शी होते. एका मुसलमान मुन्शींनी माळ्याच्या पोराला इंग्रजी शाळेच्या वाटेला लावलं. आपण या गोष्टीचा अभिमान सांगतो. पण मुन्शींच्या गल्लीतला आजचा मुलगा पेन वाचतो का, हे विचारत नाही.

दुसरी हरकत: मराठीतच वाचा की! जरूर वाचा. मी हा लेख मराठीतच लिहितोय. पण मराठीतल्या उत्तम इतिहासलेखनाच्या मागे इंग्रजी, फारसी, पोर्तुगीज कागद वाचणारी माणसं उभी आहेत. इंग्रजीत वाचा आणि मराठीत लिहा, अशी माझी मागणी आहे. 'केसरी' मराठीत आणि 'मराठा' इंग्रजीत, अशी दोन वर्तमानपत्रं १८८१ साली याच शहरातून एकत्र सुरू झाली. दोन भाषांतून बोलायची सवय पुण्याला नवी नाही.

तिसरी हरकत: पुस्तकं महाग आहेत. नवी आहेत, खरं आहे. पण आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी कॉपीराइट संपतो. मिल, ग्रँट डफ, इलियट-डाउसन, मोल्सवर्थ, दीन महोमेत, रुकैया हे सगळं मोबाइलवर फुकट उतरवता येतं. ज्या मोबाइलवर शिव्यांचे फॉरवर्ड उतरतात, त्याच मोबाइलवर. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासून आहे, विद्यापीठात जयकर ग्रंथालय आहे. अप्पा बळवंत चौकात आपण स्पर्धा परीक्षेच्या गाइडसाठी जातोच.

चौथी हरकत जरा गंभीर आहे: वाचून काय होणार, समोरचे तर दगड घेऊन उभे आहेत. होय, पुस्तकाला दगडाने उत्तर देणारे या शहराने पाहिलेत. जानेवारी २००४ मध्ये जेम्स लेन यांच्या इंग्रजी पुस्तकाच्या निमित्ताने भांडारकर प्राच्यविद्या संस्थेवर जमाव चालून गेला आणि जुने ग्रंथ, हस्तलिखितं यांची नासधूस झाली. आपणही धुतल्या तांदळासारखे नाही. फेब्रुवारी १९८९ मध्ये एका इंग्रजी कादंबरीविरुद्ध मुंबईत मोर्चा निघाला, गोळीबार झाला, माणसं मेली. त्यांतल्या किती जणांनी ती कादंबरी पाहिली तरी होती? पुस्तक पटलं नाही तर त्यावर लिहावं, हे कीर्तन्यांना १८६७ साली कळलं होतं. दीडशे वर्षांनी आपल्याला ते नव्याने शिकावं लागणार असेल, तर शिकू.

परीक्षा आपलीही

पुरावा फक्त दुसऱ्यांकडे मागायचा नसतो. जानेवारी २०२५ मध्ये एका पत्रकाराने समाजमाध्यमावर जाहीर केलं की फातिमा शेख नावाची कोणी नव्हतीच, ते पात्र मीच रचलं. दोन दिवस आपले ग्रुप पेटले होते. शिव्या भरपूर दिल्या गेल्या. पण उत्तर दिलं ते मोजक्या लोकांनी, ज्यांनी सावित्रीबाईंचं लेखन वाचलेलं होतं. ऑक्टोबर १८५६ मध्ये सावित्रीबाईंनी माहेरून जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचं नाव आहे. आपल्या आजारपणामुळे तिच्यावर कामाचा भार पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असं सावित्रीबाई लिहितात. ते समग्र वाङ्मयात छापलेलं आहे. एक पान, आणि वाद संपतो.

पण त्याच वेळी स्वतःलाही विचारा. दरवर्षी आपण फातिमाबींची जी जन्मतारीख आणि जे चित्र फिरवतो, जे चरित्र भाषणांत सांगतो, त्यातलं किती पुराव्याचं आहे? नसेल तर नसलेलं जोडू नका. आपण जोडलेला एक खोटा तपशील समोरच्याला सगळंच खोटं म्हणायला जागा करून देतो. आमच्या कामात दुसऱ्याचा कोड न वाचता चिकटवला आणि सिस्टिम बंद पडली, तर 'मला असाच मिळाला होता' हे उत्तर कोणी ऐकून घेत नाही. इतिहासात तरी का ऐकावं?

तीच गोष्ट सच्चर समितीच्या अहवालाची. नोव्हेंबर २००६ मध्ये आलेला हा अहवाल म्हणजे आपल्या आजच्या इतिहासाचं इंग्रजी पुस्तकच आहे. प्रत्येक व्यासपीठावर त्याचं नाव घेतलं जातं, पण बहुतेकांकडे त्यातलं एकच वाक्य असतं. मदरशात जाणारी मुस्लिम मुलं अवघी तीन-चार टक्क्यांच्या घरात आहेत, बाकीच्यांचा प्रश्न सरकारी शाळा आणि गळतीचा आहे, हेही त्यातच लिहिलंय. 'यांची मुलं मदरशातच जातात' असं कोणी म्हणालं की हे पान पुढे करता आलं पाहिजे.

मग करायचं काय

मोठी संस्था, मोठं बजेट, मोठा पाहुणा, यातलं काही नको. प्रत्येक मोहल्ल्यात सहा जण जमा. त्यात निदान दोन मुली असू द्या, आणि वेळ अशी ठरवा की त्यांना येता येईल. तीन महिन्यांसाठी एकच इंग्रजी पुस्तक घ्या. पहिल्यांदा इलियटची प्रस्तावनाच घ्या, ती थोडक्यात आहे. प्रत्येकाने आपल्या वाट्याचा भाग वाचायचा आणि दर रविवारी बाकीच्यांना मराठीत समजावून सांगायचा. अडलेला शब्द कोशात बघायचा. इंग्रजी कच्ची असेल तर ती याच कामाने पक्की होईल, नव्वद दिवसांच्या क्लासपेक्षा लवकर.

तीन महिन्यांनी सहा जणांनी मिळून मराठीत दोन पानं लिहायची: हे पुस्तक काय म्हणतं, कुठल्या पानावर, त्यातलं काय टिकतं आणि काय टिकत नाही. पान क्रमांक नसलेलं एकही वाक्य लिहायचं नाही. हे लेख आपण छापू, ग्रुपवर टाकू, शाळेतल्या सरांना आणि मॅडमना वाचायला देऊ. पुढच्या वेळी तो स्क्रीनशॉट आला की ग्रुप सोडू नका आणि शिवीही देऊ नका. फक्त विचारा: कुठला खंड, कुठलं पान, आणि त्याच्या आधीच्या पानावर काय लिहिलंय?

आणि क्लासवाल्यांना, शाळा चालवणाऱ्यांना, जमातच्या बुजुर्गांना एक विनंती. तुम्ही मुलांना इंग्रजी बोलायला शिकवलंत, त्याबद्दल शुक्रिया. आता तुमच्या त्याच खोलीत एक कपाट ठेवा. त्यात व्याकरणाच्या गाइडशेजारी एक कोश, दोन इतिहासग्रंथ आणि चार कादंबऱ्या असू द्या. त्याला कुलूप लावू नका. पुस्तकं हरवतील, फाटतील, कोणी घरी नेऊन परत आणणार नाही. हरवू द्या. कुठल्यातरी घरात ती उघडली जातील.